सुरतेची फॅक्टरी आणि आमचा कारखाना

शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनी एक वाक्य पाठ केलेले असते, की इंग्रजांनी सुरतेस वखार घातली. तेच वाक्य इंग्रजी पुस्तकात वाचायला गेले की वखारीच्या जागी 'फॅक्टरी' हा शब्द भेटतो. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला हा उल्लेख आला तेव्हा आमच्या वर्गातील एका मुलाने सरांना सरळ विचारले, "सर, त्या फॅक्टरीत काय तयार व्हायचे?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर असे, की तेथे काहीही तयार होत नव्हते. सूत नाही, कापड नाही, नीळ नाही. जिच्यात काही तयार होत नाही ती फॅक्टरी कसली, हे कोडे सोडवायला बसले तर वाणिज्य शाखेच्या अभ्यासातली आणखी चारपाच कोडी त्याच्याबरोबर सुटतात. म्हणून हा लेख.

मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजीतील खरी अडचण अवघड शब्दांची नसते. अवघड शब्द आला की आपण सावध होतो, शब्दकोश उघडतो, शेजाऱ्याला विचारतो. अडचण होते ती ओळखीच्या शब्दांची. फॅक्टरी म्हणजे कारखाना, फॅक्टर म्हणजे घटक, हे केव्हाच पाठ झालेले असते. त्यामुळे तो शब्द दिसला तरी आपण थांबत नाही, आणि गाडी रुळावरून घसरते ती नेमकी तेथे.

हा शब्द मी निवडला याला घरचे कारण आहे. माझा जन्म आणि शाळा सुरतेची. सुरत महापालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू या माध्यमांच्या शाळाही चालविते, हे इकडे पुष्कळांना ठाऊक नसते. अशाच एका मराठी शाळेत मी शिकले. वडील मूळचे इचलकरंजीचे मागकामगार, आई चिकोडी तालुक्यातली. त्यामुळे घरात मराठी, आजोळी कन्नड आणि गल्लीत गुजराती. फॅक्टरी हा शब्द या तिन्ही भाषांत रोज कानावर पडे, आणि प्रत्येक वेळी तो काही तरी वेगळेच सांगे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०८ साली 'हेक्टर' जहाजाने सुरतेस आला. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरविले, आणि १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या परवानगीने ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेची फॅक्टरी उभी राहिली. या इमारतीत खाली मालाची कोठारे आणि वर राहण्याच्या खोल्या असत. येथे राहणाऱ्या कंपनीच्या नोकरांना 'फॅक्टर' म्हणत. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदीविक्री करणारा मुनीम किंवा अडत्या. त्याने विणकरांना दलालामार्फत आगाऊ रक्कम द्यायची (हिला दादनी म्हणत), ठरल्या वेळी कापड गोळा करायचे, आसपासच्या मुलखातली नीळ विकत घ्यायची, गाठी बांधायच्या आणि जहाज येईपर्यंत सांभाळायच्या. विणकर आपल्या घरी विणत होता, नीळ शेतावरच्या हौदात तयार होत होती. फॅक्टरीत होते ते फक्त फॅक्टर आणि त्यांचा माल. वकील राहतो ती वकिली, तशी फॅक्टर राहतो ती फॅक्टरी, इतका तो साधा शब्द होता. पोर्तुगीज अशा जागेला त्याआधीपासून 'फेतोरिया' म्हणत, आणि त्यांच्या मुनिमाला 'फेतोर'.

कंपनीच्या नोकरीची शिडी पाहिली तर आणखी एक ओळखीचा शब्द वेगळ्या वेषात दिसतो. सर्वांत खालची पायरी 'रायटर'. हा लेखक नव्हे, हा वह्या लिहिणारा उमेदवार कारकून. काही वर्षे वह्या लिहिल्या की तो फॅक्टर होई, मग धाकटा मर्चंट, मग थोरला मर्चंट. कोलकात्याची 'रायटर्स बिल्डिंग' ही कवींची नसून या कारकुनांची होती. वाणिज्य शाखेच्या आपल्या पिढीने या पदाकडे आपुलकीने पाहायला हरकत नाही.

सुरतेनंतर अशा वखारी आपल्या बाजूलाही झाल्या. राजापूरची इंग्रजांची वखार १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी लुटली आणि तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला कैदेत टाकले. कारवारलाही इंग्रजांची वखार होती. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र आपली फॅक्टरी लढवून राखली. या प्रसंगाचे वर्णन इंग्रजीत वाचताना 'फॅक्टरी' शब्दाला कारखाना म्हटले तर डोळ्यांपुढे धुरांडे उभे राहते, आणि सगळा इतिहास दीडशे वर्षे पुढे सरकतो.

आपल्या जुन्या इतिहासलेखकांनी येथे 'वखार' हा शब्द धरून ठेवला याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. वखार म्हणजे माल साठविण्याची जागा. लाकडाची वखार, कोळशाची वखार आपण म्हणतोच. सरकारच्या गोदामांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नावही 'महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ' असेच आहे. निपाणीकडच्या वाचकांना मात्र वखार म्हटले की तंबाखूची वखार आठवेल. तेथे तंबाखू नुसता पडून राहत नाही, तो कुटला जातो, चाळला जातो, आणि ते काम करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात धूळ जाते. म्हणजे साठवणुकीची जागा आणि कामाची जागा यांतली भिंत वाटते तेवढी पक्की नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

'फॅक्टर' हा शब्द लॅटिन भाषेतला. तेथे 'फाकेरे' म्हणजे करणे, आणि 'फॅक्टर' म्हणजे करणारा. हे वाचताना मला आपला एक शब्द आठवला. 'कारकून' हा शब्द फारसीतून आला. 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. सुरतेच्या बंदरावर इंग्रजांचा फॅक्टर आणि मोगलांचा कारकून समोरासमोर बसून जकातीवरून घासाघीस करीत असतील तेव्हा दोघांच्याही हुद्द्याचा अर्थ अक्षरशः एकच होता, आणि दोघांनाही त्याची कल्पना नसणार.

या 'फाकेरे'चे गोत फार मोठे आहे. 'फॅक्ट' म्हणजे केलेली, घडलेली गोष्ट. 'मॅन्युफॅक्चर' म्हणजे हाताने करणे. यंत्राने केलेल्या मालालाही आज तोच शब्द लावतात, त्यातला हात केव्हाच निघून गेला. फॅक्स म्हणजे हुबेहूब तसेच केलेले. बेनिफॅक्टर म्हणजे भले करणारा, ज्यांची छायाचित्रे महाविद्यालयांच्या सभागृहांत लावलेली असतात ते देणगीदार. आमच्या प्रगतिपुस्तकावर 'सॅटिसफॅक्टरी' असा शेरा असे आणि आम्ही त्याला 'सॅटिसची फॅक्टरी' म्हणत असू. त्याचा धात्वर्थ आहे 'पुरेसे केले', आणि तो शेरा देणाऱ्या बाईंच्या मनातही तेवढेच असावे. आपल्याला सर्वांत जवळचा शब्द 'प्रॉफिट', तोही याच घरातला. पुढे करणे, पुढे सरणे यावरून नफा. नफातोटा पत्रक मांडताना ही गोष्ट कोणी सांगितली असती तर तो विषय मला थोडा लवकर आवडला असता.

मुनिमाच्या घराचा यंत्राचा कारखाना कसा झाला? इंग्लंडात माल बनविण्याच्या जागेला 'मॅन्युफॅक्टरी' म्हणत. उच्चाराला लांब, म्हणून लोकांनी पुढचा भाग खाल्ला आणि 'फॅक्टरी' एवढेच ठेवले. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइट याने क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी उभारली, आणि शेकडो माणसे घंटेच्या ठोक्यावर एका छपराखाली कामाला येऊ लागली. मग हाच अर्थ इतका बळावला की जुना अर्थ इतिहासाच्या पुस्तकापुरता उरला. आता तर मोबाइल बिघडला की त्याला 'फॅक्टरी रिसेट' करतात, म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा करतात. हा अर्थ माझ्या धाकट्या भावाला पाचव्या वर्षी माहीत होता.

आता आपला 'कारखाना' घ्या. काम करण्याचे घर, असा त्याचा फारसी अर्थ. आज तो यंत्राशी जोडलेला आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रात नुसते "कारखान्याची निवडणूक" म्हटले तरी तो साखरेचाच असतो. पण शिवकालीन राज्यव्यवस्थेत 'अठरा कारखाने' होते आणि त्यांची यादी वाचताना गंमत वाटते. तोफखाना आणि दारूखाना त्यात आहेत, ते ठीक. पण खजिना, जवाहीरखाना, शरबतखाना, धान्याचा अंबरखाना, हत्तींचा पीलखाना आणि उंटांचा उष्ट्रखाना हेही कारखानेच. पीलखान्यात हत्ती तयार होत नव्हते! कारखाना म्हणजे राज्याचे एक खाते, एक कोठार. किल्ल्यावर हवालदार, सबनीस यांच्याबरोबर कारखानीस असे, आणि त्याच्याकडे धान्य व दारूगोळा यांची साठवण आणि हिशेब असे. थोडक्यात, सतराव्या शतकात सुरतेला इंग्रजांची फॅक्टरी होती ती कोठार, आणि रायगडावर आमचा कारखाना होता तोही बऱ्याच अंशी कोठारच. दोन्ही शब्द वेगळ्या मुलखांतून निघाले आणि तीनशे वर्षांत एकाच यंत्राच्या दाराशी येऊन थांबले. म्हणून आज फॅक्टरीचे भाषांतर 'कारखाना' असे बिनचूक होते. कन्नडमध्येही तो 'कार्खाने' आहे.

सुरतेत मात्र आजही कामाच्या जागेला एक नाव नाही. हिरे घासतात ते 'कारखानू'. साड्या रंगवितात, छापतात ती 'मिल'. आणि माग चालतात ते 'खातू', म्हणजे आपले खाते. मराठी माणसे तेथे एकमेकांना विचारतात, "कुठल्या खात्यात आहेस?" गावाकडून नवा आलेला मनुष्य दचकतो, कारण त्याच्या दृष्टीने खाते असते बँकेत, नाही तर सरकारात. कन्नडमध्येही मंत्र्यांना जे वाटले जाते ते 'खाते'च. उधना, लिंबायत भागात मात्र खाते म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि कानठळ्या बसविणारा खडखडाट. मिल या शब्दाचीही तीच गत. मिल म्हणजे मूळची दळण्याची चक्की. तिच्याच पाणचक्कीवर पुढे चात्या फिरविल्या म्हणून कापडाची मिल. मराठीने 'गिरणी' हा शब्द करून पिठाची आणि कापडाची अशा दोन्हींना लावला, आणि इंग्रजांचा हा सगळा प्रवास एका उडीत केला.

येथवर गंमत होती. पण फॅक्टरी या शब्दाचा एक अर्थ असा आहे की ज्यावर माणसाची रविवारची सुट्टी अवलंबून असते, आणि तो अर्थ शब्दकोशात सापडत नाही, कायद्यात सापडतो.

हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात फॅक्टरी म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारी, १०० किंवा अधिक माणसे असलेली जागा. ९९ माणसे असतील तर कितीही मोठे धुरांडे असो, ती फॅक्टरी नव्हे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्याने संख्या ५० वर आणली, १९२२ च्या कायद्याने २० वर. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तर १० आणि नसेल तर २० असे ठरविले. शब्द तोच, पण त्याच्या आत मावणारी माणसे प्रत्येक वेळी वाढत गेली.

१९४८ च्या व्याख्येत काय काय बसत होते ते पाहण्यासारखे आहे. वस्तू बनविणे तर होतेच, शिवाय दुरुस्त करणे, सजविणे, धुणे, वेष्टनात बांधणे, पाणी किंवा मैला उपसणे आणि शीतगृहात माल ठेवणे हेही होते. शीतगृहात काय बनते? काही नाही, बटाटे नुसते पडून असतात. म्हणजे १६१३ ची वखार कायद्याच्या मागल्या दाराने पुन्हा फॅक्टरीत आली. उलट हॉटेलाच्या भटारखान्यात दिवसभर शेकडो वडे तयार होतात, तरी हॉटेल आणि खाणावळ यांना त्या व्याख्येतून वगळले होते.

माझे वडील २०१८ पर्यंत ज्या खात्यात होते तेथे दिवसपाळीला सहा आणि रात्रपाळीला सहा माणसे होती. पाळी बारा तासांची. पंधरा दिवसांनी दिवसपाळीची माणसे रात्रपाळीला जात. मजुरी मीटरवर. कोणी ओव्हरटाइमचे नाव काढले की शेठ म्हणत, "आपल्याकडे एका वेळी सहाच माणसे. ही काही फॅक्टरी नाही." सगळ्यांना ते पटे, कारण सहा ही संख्या दहाहून लहान आहे हे कोणालाही कळते.

दुसऱ्या वर्षाला असताना ती व्याख्या मी मुळातून वाचली. तिच्याखाली एक स्पष्टीकरण होते, की संख्या मोजताना दिवसभरातील वेगवेगळ्या पाळ्यांतील सर्व कामगार धरावेत. सहा आणि सहा बारा. ती फॅक्टरी होती. आणि ती फॅक्टरी असेल तर दिवसाला नऊ तास किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तास यांच्या वर जे काम होईल त्याला दुप्पट दर. बारा तासांचे सहा दिवस म्हणजे बहात्तर तास, त्यातून अठ्ठेचाळीस वजा जाता आठवड्याला चोवीस तास. मजुरी मीटरवर असेल तर दर कसा काढायचा तेही कायद्याने सांगितले होते, म्हणून ती सबबही चालण्यासारखी नव्हती. मी कागदावर आकडे मांडून वडिलांना दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, "रात्रपाळीचे धरून?" मी हो म्हटले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते खाते सोडून तेव्हा त्यांना बरीच वर्षे झाली होती.

हा शब्द आता पुन्हा बदलला आहे. संसदेने २०२० मध्ये केलेली कामाच्या सुरक्षिततेची व आरोग्याची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यात फॅक्टरीसाठी यंत्रशक्ती असल्यास २० व नसल्यास ४० माणसे लागतात. म्हणजे बारा माणसांचे ते खाते आजच्या कायद्याने फॅक्टरी नाही. तथापि एक गोष्ट विसरू नये. या संहितेत १० माणसांची जागा 'आस्थापना' या दुसऱ्या शब्दाखाली येते, आणि तासांचे व दुप्पट दराचे नियम त्या शब्दाला बांधलेले आहेत. यापुढे सुरतेच्या कामगाराला फॅक्टरीइतकाच आस्थापनेचाही अर्थ शिकावा लागणार आहे. मराठी शाळेत कोणी तो शिकवीत नाही.

राहिलेला शब्द फॅक्टर. गणितात बारा ही संख्या तीन आणि चार मिळून 'करतात', म्हणून तीन आणि चार हे तिचे फॅक्टर. मराठीत आपण त्यांना 'अवयव' म्हणतो आणि अवयव 'पाडतो', जे ऐकून भाषेच्या शिक्षकाला कापरे भरावे. अर्थशास्त्रात भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन हे उत्पादन घडवितात म्हणून तेही फॅक्टर. येथे मराठी 'घटक' म्हणते. माझ्या मामेभावाच्या कन्नड पुस्तकात गणिताचा फॅक्टर 'अपवर्तन' आहे आणि अर्थशास्त्रातला 'उत्पादनांग'. आमच्याकडे हातपाय गणिताला, त्यांच्याकडे अर्थशास्त्राला! दोन्ही भाषांनी शरीराचीच उपमा घेतली, पण वेगवेगळ्या तासाला. मागाच्या खात्यातील विजेच्या बिलावर 'पॉवर फॅक्टर' असतो. ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला किती लागली याचे ते प्रमाण. मोटारींमुळे ते घसरते, म्हणून भिंतीवर कपॅसिटर बसवितात. रक्त गोठविणारा आठवा फॅक्टर ज्याच्या रक्तात कमी असतो त्याला साधी जखमही जड जाते. या सगळ्यांत 'करणारा' हा धागा चाचपडून पाहिला तर हाताला लागतो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने जास्त थांबावे ते कायद्यातल्या फॅक्टरपाशी. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये सर्वसाधारण धारणाधिकार कोणाकोणाला आहे ते सांगितले आहे: बँकर, फॅक्टर, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयाचे वकील आणि विम्याचे दलाल. हा फॅक्टर म्हणजे घटक नव्हे आणि कारखानदारही नव्हे. हा थेट १६१३ चा सुरतेचा माणूस. दुसऱ्याचा माल याच्या ताब्यात असतो, तो स्वतःच्या नावाने विकतो, आणि मूळ मालकाकडून येणे असेल तर ते मिळेपर्यंत माल अडवून ठेवू शकतो. दलालाला हा अधिकार नाही, कारण दलालाच्या हातात माल कधी येतच नाही. तो दोघांची गाठ घालून देतो आणि दलाली घेतो. परीक्षेत फॅक्टर आणि ब्रोकर यांतील फरक विचारतात तेव्हा पाठांतर करण्यापेक्षा सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारातील अडत्या आणि दलाल यांना डोळ्यांपुढे आणावे.

त्याच बाजारात या शब्दाचा सर्वांत नवा अर्थ उपयोगी पडतो. तेथे कापड उधारीवर जाते. साठ दिवस, नव्वद दिवस, आणि मधल्या काळात पार्टी उठली तर पैसे बुडाले. ('पार्टी' म्हणजे येथे गिऱ्हाईक व्यापारी, आणि 'उठली' म्हणजे दिवाळे काढून नाहीशी झाली, हाही शब्द एका स्वतंत्र लेखाचा आहे.) समजा एका व्यापाऱ्याचे एक लाखाचे बिल नव्वद दिवसांनी वसूल व्हायचे आहे. तो ते बिल एका संस्थेला देतो. ती संस्था समजा ऐंशी हजार रुपये आजच हातात ठेवते, वसुली स्वतः करते, आणि पैसे आल्यावर व्याज व कमिशन कापून उरलेली रक्कम देते. ही संस्था म्हणजे फॅक्टर आणि हा व्यवहार म्हणजे फॅक्टरिंग. करार कसा आहे यावर बुडीत रकमेचा भार कोणावर ते ठरते: परत मागण्याचा हक्क राखला असेल तर व्यापाऱ्यावर, राखला नसेल तर फॅक्टरवर. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १९८८ मध्ये कल्याणसुंदरम समिती नेमली, १९९१ मध्ये स्टेट बँकेची फॅक्टरिंग कंपनी निघाली, आणि २०११ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा झाला. बँकांचा हा व्यवसाय मुनिमाच्या नावाने का ओळखला जातो? लंडनमध्ये ब्लॅकवेल हॉल या कापडबाजारात बसणारे फॅक्टर विणकरी मालकांचे कापड विकता विकता त्यांना विक्रीआधीच उचल देऊ लागले. माल विकणे हळूहळू मागे पडले आणि उचल देणे हाच धंदा झाला. नाव मात्र जुनेच राहिले.

स्कॉटलंडमध्ये फॅक्टर अजून जवळजवळ मूळ अर्थाने जिवंत आहे. जुन्या काळी जमीनदाराची इस्टेट पाहणारा कारभारी तो फॅक्टर, आणि आज भाड्याच्या किंवा मालकीच्या सदनिकांच्या इमारतीची देखभाल पाहणारा तोही फॅक्टर. त्यांच्यासाठी तेथे वेगळा कायदा झाला तोही २०११ सालचाच. आपल्यापैकी कोणी पुढे ग्लासगोला शिकायला गेला आणि त्याच्या दारात फॅक्टरचे बिल येऊन पडले, तर त्याने घाबरू नये. ते बहुधा जिना झाडल्याचे असते.